हॉकी कार्डच्या पाकिटावर गणित कशाला?

मिसिसागाकर:
मंडळी, एक बावळट प्रश्न. लेकाला हॉकी कार्डांचं, म्हणजे खेळाडूंचे फोटो असलेली कार्डं जमवायचं, वेड लागलंय. काल एका दुकानातून जुन्या स्टॉकमधलं पाकीट आणलं, तो कार्डं बघत होता आणि मी चष्मा कपाळावर सरकवून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसलो. लिहिलंय की बक्षीस योजनेसाठी खरेदीची गरज नाही, क्यूबेकवाल्यांना भाग घेता येणार नाही, आणि कॅनडातल्या विजेत्याने बक्षीस मिळण्याआधी गणित सोडवायचं!! म्हणजे सहीवालं कार्ड लागलं तरी आधी पाढे म्हणायचे का? आणि खरेदीची गरज नाही तर मी दर शनिवारी पैसे कशाचे मोजतोय?

स्कारबरोकाका:
अरे हे इथलं जुनंच आहे, टिम हॉर्टन्स कॉफीवाल्यांच्या बक्षिसालाही हेच असतं. कॅनडाच्या क्रिमिनल कोडचं कलम 206 बघ, निव्वळ नशिबावर वस्तू वाटणं गुन्हा, पण नशिबात थोडं कौशल्य मिसळलं की चालतं. मग कंपन्यांनी कौशल्य म्हणून काय आणलं तर (12 × 5) + 30 ÷ 3 − 8, तेही कॅल्क्युलेटर न वापरता. कंचेभागुबेव येत असेल तर तू कौशल्यवान, उत्तर 62. क्यूबेकचं वेगळंच होतं, तिथे आधी सरकारकडे नोंदणी करा, फी भरा, नियम फ्रेंचमध्ये द्या, म्हणून लोक सरळ त्यांना वगळायचे. 2023 मध्ये ती भानगड काढली म्हणा, पण जुन्या पाकिटावर तेच दिसणार.

जर्सीची सून:
काका तुमच्याकडे गणित तर आमच्याकडे हस्ताक्षर 😄 अमेरिकेत बक्षीस, नशीब आणि त्यासाठी मोजलेले पैसे हे तिन्ही एकत्र आले की लॉटरी, आणि खाजगी कंपनीला लॉटरी चालवता येत नाही. म्हणून तिसरी गोष्ट काढून टाकायला फुकट एन्ट्री ठेवतात. 3 बाय 5 इंचाच्या कोऱ्या कार्डावर नाव पत्ता हाताने लिहायचा, झेरॉक्स चालत नाही, एका लिफाफ्यात एकच, आणि पोस्टाने पाठवायचं. कायद्याने दार उघडं ठेवलंय पण आत जाणाऱ्याचा हात दुखला पाहिजे अशी सोय! पाकिटात क्वचितच निघणारी दुर्मिळ कार्डं म्हणजे जुगारच असं म्हणून लोक कोर्टातही गेले होते, फ्लीअर या कार्ड कंपनीविरुद्धच्या केसमध्ये 2002 साली अपील कोर्टाने सांगितलं की तुम्ही पैसे दिले, कार्डं मिळाली, हवं ते निघालं नाही म्हणून नुकसान झालं असं होत नाही. मला हे काही पटत नाही, पोरं त्या एका कार्डासाठीच तर पाकीट घेतात, बाकीची गादीखाली जातात.

सदाशिवपेठी:
आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर "ही योजना तामिळनाडूत लागू नाही" असतं ते कधी वाचलंय का? तिथे 1979 पासून बक्षीस योजनांवर बंदीचा कायदा आहे. बाकी आम्ही लहानपणी बिगफन बबलगमच्या कागदावरच्या रन आणि विकेट जमवायचो तेव्हा नियम एकच होता, दुकानदार हो म्हणाला पाहिजे.

मिसिसागाकर:
धन्यवाद सगळ्यांना. लेकाला फुकट एन्ट्रीचं सांगितलं तर विचारतोय की सगळी कार्डं आजीने लिहिली तर चालेल का, तिचं अक्षर चांगलं आहे. जर्सीवाल्या ताई, एका घरातून किती एन्ट्र्या घेतात यावर काही मर्यादा असते का?

जर्सीची सून:
बहुतेक ठिकाणी असते, माणशी किंवा घरटी, तेही त्याच मुंगीच्या अक्षरात बघा. आणि पाठवण्याआधी शेवटची तारीख बघा हं, जुन्या स्टॉकमधलं पाकीट म्हणताय तर स्पर्धा कधीच संपलेली असेल.