शब्दचर्चा : बंडखोर, विद्रोही, अक्करमाशी, जोहार

प्रश्न

समाजाला शब्दांतून धारेवर धरणाऱ्या लेखक-कलावंतांबद्दल लिहिताना 'बंडखोर' आणि 'विद्रोही' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. कोशात अर्थ जवळपास एकच, पण कानाला ते सारखे लागत नाहीत. 'विद्रोही कविता' म्हटलं की नेमकं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, 'बंडखोर कविता' म्हटलं की ते निसटतं. उलट निवडणुकीत 'बंडखोर उमेदवार' असतो, 'विद्रोही उमेदवार' कुणी म्हणत नाही. हा फरक सवयीचा आहे की अर्थाचा? शिवाय अशा मंडळींनी स्वतः मुद्दाम वापरलेल्या शब्दांचं पुढे काय झालं, हेही जाणकारांनी सांगावं.

उत्तर

फरक अर्थाचाच आहे आणि तो '-खोर'मध्ये दडला आहे. हा फारसीतून आलेला प्रत्यय मराठीत कुणाच्या मागे लागतो ते पाहा : भांडखोर, चुगलखोर, लाचखोर, नफेखोर, दंगेखोर, हरामखोर. या रांगेत चांगला माणूस एकही नाही. म्हणजे 'बंडखोर' हे नाव ज्याच्याविरुद्ध बंड झालं त्याने ठेवलेलं आहे. १८५७ला 'शिपायांचं बंड' कोण म्हणत होतं आणि 'स्वातंत्र्यसमर' कोण म्हणू लागलं, हे आठवलं तरी पुरे. राजकारणात तर शब्द आणखी आकसला. तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष उभा राहिला की बंडखोर, अर्ज मागे घेतला की 'बंडखोरी शमली'. व्यवस्था मोडायचा हेतू त्यात गृहीतच नाही, तिच्यातलाच वाटा हवा असतो.

'विद्रोहा'चं मूळ खरं तर याहून वाईट. 'द्रुह्' धातूचा अर्थ वैर धरणं, घात करणं. मित्रद्रोह, राजद्रोह, देशद्रोह हे सगळे गुन्हेच. पण १९७०च्या आसपास दलित कवींनी हा शब्द स्वतःहून अंगावर घेतला आणि बघता बघता त्याचा डाग गेला. तो इतका गेला की १९९९मध्ये मुंबईत धारावीला प्रस्थापित साहित्य संमेलनाला पर्याय उभा राहिला तो 'विद्रोही साहित्य संमेलन' या नावानेच. कोशातला अर्थ होता तिथेच राहिला, पण शब्द कोण कुणाविषयी उच्चारतं ते बदललं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची किल्लीही मला इथेच दिसते. मराठीत ज्यांनी समाजाला खरोखर हलवलं, त्यांनी नवे शब्द फार थोडे घडवले. समाजाने त्यांच्या तोंडावर फेकलेले शब्द त्यांनी उचलले आणि त्याच समाजासमोर मांडले.

'अक्करमाशी' हा शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. तो सोनाराच्या तराजूतून आला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. भरला तर पुरा तोळा, मासाभर कमी पडला तर अकरा माशांचा, म्हणजे उणा. हेच माप माणसाच्या जन्माला लावलं गेलं आणि लग्नाबाहेर जन्मलेलं मूल 'अक्करमाशी' ठरलं. इतर शिव्यांत संताप असतो, या शिवीत हिशेब आहे, म्हणून ती जास्त क्रूर वाटते. कुणीतरी शांतपणे तराजू धरून सांगतो की तू दिसतोस सोन्यासारखा, पण वजनात बसत नाहीस. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४मध्ये आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिलं. आई दलित, वडील पाटील घराण्यातले. तराजू कुणाच्या हातात होता हे त्या एका शब्दाने पुस्तक उघडण्याआधीच सांगून टाकलं. पुस्तक मागायचं तर तो शब्द वाचकाला स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागतो. तिथे जीभ अडखळते, आणि ती अडखळली की काम सुरू झालं.

त्या सुमाराची इतर नावंही याच जातीची : दया पवारांचं 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७). यांतलं 'उचल्या' मला सर्वांत धारदार वाटतं. उचल्या म्हणजे भुरटा चोर, आणि तोच शिक्का एका जमातीला नाव म्हणून चिकटला. इंग्रज सरकारने १८७१पासून गुन्हेगार जमातींचे कायदे केले आणि माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. १९५२मध्ये कायदा रद्द झाला, तेव्हापासून या जमाती 'विमुक्त' झाल्या. बोलण्यातला शिक्का मात्र राहिला. 'भामट्याने लाखोंना गंडवले' हा मथळा आपण सहज वाचतो, पण 'भामटा' हे सरकारी यादीत आजही एका जमातीचं नाव आहे. त्या घरातल्या शाळकरी मुलाला हा मथळा कसा लागत असेल? ठक, लबाड, फसव्या, लुच्चा इतके शब्द हाताशी असताना हा वापरायची काहीही गरज नाही. मी तो वापरत नाही आणि इतरांनीही वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक मत

बाईच्या बाजूने एक उदाहरण राहिलं, ते जोडते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. स्त्रियांच्या दुर्गुणांची जी यादी शास्त्री-पुराणिक ऐकवत आले, तीच त्यांनी हातात घेतली आणि त्यातला एकेक दुर्गुण पुरुषाला लावून पाहिला. कपट कुणात जास्त? अविचार कुणात जास्त? शब्द सगळे शास्त्र्यांचेच, फक्त बोट दुसरीकडे वळलं. आणि भाषा कशी, तर माजघरातल्या भांडणाची, तोंडावर बोलणारी. त्या काळच्या ग्रांथिक मराठीत तो आवाज एकदम वेगळा ऐकू येतो.

दुसरी बाजू

वरच्या मांडणीशी मी बराचसा सहमत आहे, पण प्रत्येक शब्द असा उलटवता येत नाही. 'जोहार' उलटला नाही, तो टाकावा लागला.

जोहार म्हणजे महाराने वरच्याला करायचा नमस्कार. चोखोबांनी तो विठ्ठलाला केला : 'जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार । बहु भुकेला झालो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो ।' ज्याला देवळात पाऊल टाकता येत नाही, तो गावातली हुजऱ्याची भाषा उचलून थेट देवाशी बोलतो आहे. त्यात भक्ती आहेच, पण 'मी उष्ट्यावर का जगतो' हे देवाच्या तोंडावर सांगणंही आहे. नंतर सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांत हाच जोहार घेतला आणि महाराच्या तोंडून अध्यात्म वदवलं. पैठणच्या ब्राह्मणाने तो आवाज धारण करणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पण एवढं होऊनही गावच्या व्यवहारात जोहार वाकलेलाच राहिला. अभंगातला अर्थ पाटलाच्या ओट्यापर्यंत पोहोचला नाही. शेवटी आंबेडकरी चळवळीने तो सोडला आणि 'जय भीम' आला. हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. दोन्हींचा वापर शेजारी ठेवून पाहा. जोहार खालून वर जातो, परत जोहार मिळत नाही. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'च, दोघंही ताठ उभे. आता झारखंड-छत्तीसगडच्या आदिवासींत 'जोहार' अभिमानाने म्हणतात, कारण तिथे तो एकमेकांना म्हटला जातो. तेव्हा शब्दाचा दोष नव्हता, तो ज्या दिशेने जात होता त्या दिशेचा होता.

पुन्हा पहिले उत्तरदाते

हे पटलं. मग तिसरी वाटही नोंदवायला हवी, नवा शब्द घडवण्याची. जोतीराव फुल्यांचा 'निर्मिक' हे त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण. देव, ईश्वर, परमेश्वर यांपैकी कुठलाही शब्द घेतला तरी त्याच्यामागून अवतार येतात, पुराणं येतात, पूजा येते आणि पूजा सांगणारा येतो. 'निर्मिणे'पासून केलेल्या 'निर्मिका'ला यातलं काही चिकटलेलं नाही. ज्याने निर्माण केलं तो, बस्स. त्याच्याशी बोलायला मध्यस्थ लागत नाही. १८७३मध्ये स्थापन झालेला सत्यशोधक समाज भटजीवाचून लग्नं लावू लागला, त्या कृतीला साजेसा हा शब्द होता. ज्यांना तो 'कृत्रिम' वाटतो त्यांना एवढंच सांगेन की तयार शब्दांत मध्यस्थ आधीच बसलेला असेल, तर दुसरा उपाय उरत नाही.

जलसा आणि मैना

सगळे पुस्तकांबद्दल बोलताहेत, म्हणून तमाशाच्या बाजूने लिहितो. अक्षर न ओळखणाऱ्या माणसापर्यंत हे शब्द पोचले ते ढोलकीवरून.

'जलसा' मूळ अरबी, अर्थ बैठक. मराठीत तो गाण्याबजावण्याच्या मैफलीला लागला. सत्यशोधकांनी आणि नंतर भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी शाहिरांनी हा शब्द आपल्या खेळांना लावला, तेव्हा करमणूक आणि सभा दोन्ही एकाच शब्दात आल्या. सांगाडा तमाशाचाच होता. तमाशात गण, गौळण, बतावणी, लावणी, वग असा क्रम. गणात गणपतीचं वंदन. सत्यशोधक जलशात 'गणपती'चा अर्थ गणांचा, म्हणजे लोकांचा पती असा लावला गेला. ऐकणाऱ्याच्या कानावर ओळखीचा शब्द पडतो, ठेकाही ओळखीचा, आणि अर्थ तेवढा सरकतो. श्रोत्याला बिचकवायचं नाही, पण होता तिथे राहूही द्यायचं नाही, ही मोठी अवघड कला आहे.

अण्णाभाऊ साठ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांचा गण 'प्रथम मायभूच्या चरणा' असा सुरू होतो. गणपतीची जागाच मायभूमीने घेतली. पण त्यांची खरी करामत 'माझी मैना गावावर राहिली, माझ्या जिवाची होतिया काहिली' या छक्कडीत, म्हणजे लावणीच्याच एका प्रकारात आहे. 'गावावर' हा प्रयोग लक्षात घ्या. प्रमाण मराठीत आपण 'गावाकडे' म्हणू. 'गावावर' ही त्यांच्या वाटेगावच्या मुलखातली बोली, आणि मुंबईच्या गिरणीत आलेल्या माणसाला ती पहिल्या ओळीतच आपली वाटते. सुरुवात सरळ लावणीच्या वळणाची : पोटासाठी मुंबईला आलेला गडी, मागे राहिलेली बायको, तिच्या रूपाचं वर्णन. मग मुंबईचं वर्णन येतं, श्रीमंतांच्या आणि कामगारांच्या. आणि शेवटाकडे कळतं की मैना आता एकट्या बाईचं नाव राहिलेलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बाहेर राहू पाहणारा मुलूख, बेळगाव, कारवार, निपाणी, तोही मैनाच. विरहाची 'काहिली' तीच राहते, फक्त ती कुणासाठी ते वाढत जातं. भाषणात 'सीमाभाग' म्हटलं की नकाशा दिसतो. 'मैना' म्हटल्यावर गड्याच्या छातीत कळ येते.

त्यांच्याच काळात तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव मिळालं. नावामुळे प्रतिष्ठा आली हे खरं. तरी 'तमाशा करणे' हा वाक्प्रचार आजही आपण गोंधळ घालण्याच्या अर्थी वापरतो. म्हणजे नवं नाव वर चढलं, जुन्या शब्दाची अवहेलना तशीच राहिली. हा प्रश्न मला अजून मिटलेला वाटत नाही.

पुन्हा प्रश्न

तुकारामांचा 'भले तरी देऊ कासेची लंगोटी' हा चरण आम्ही शाळेत शिकलो. मूळ पाठ वेगळा आहे असं ऐकलं. मग असे शब्द सौम्य करून छापले तर चालतं का?

उत्तर

जुन्या गाथेत 'गांडीची लंगोटी' असाच पाठ आहे. 'कासेची' केल्याने वरवरचा अर्थ बिघडत नाही, पण बोलणारा माणूस बिघडतो. 'बरा कुणबी केलों' म्हणणारा हा कवी त्या चरणात शेतावरच्या माणसाच्या तोंडचा शब्द वापरतो. अंगावरचं शेवटचं वस्त्रही देऊ, हे त्याला उघड्या अंगाने सांगायचं आहे. 'कासेची' म्हटलं की तो एकदम सोवळा होतो आणि पुढच्या चरणात नाठाळाच्या माथ्यावर बसणारी काठीही हलकी पडते. 'मूकनायक' या आपल्या पाक्षिकाच्या शीर्षस्थानी १९२०मध्ये बाबासाहेबांनी तुकोबांचाच अभंग घेतला होता : 'काय करू आता धरूनिया भीड । निःशंक हे तोंड वाजविले ॥' भीड सोडूनच बोलायचं ठरवलेल्या माणसाला आपण पुन्हा भीड शिकवणं बरोबर नाही.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२मध्ये आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले कितीतरी शब्द कळले नव्हते. त्यांनी ते ढसाळांना विचारून घेतले आणि तसं प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिलं. तोवर अर्थ विचारायची पाळी नेहमी वस्तीतल्या माणसावर येत होती, इथे ती शिकलेल्या वाचकावर आली. ते शब्द आधीच सोपे केले असते तर हे घडलं नसतं.

टीप द्यायला माझी हरकत नाही, पण टिपेने शब्द धुऊ नये. 'अक्करमाशी'ला 'अनौरस' अशी टीप दिली की तराजू नाहीसा होतो, म्हणून तोळा-मासा सांगूनच अर्थ द्यावा. 'उचल्या'ला 'भुरटा चोर' लिहून थांबू नये, तो कोणत्या कायद्याच्या जोरावर कुणाला चिकटवला गेला हे एका ओळीत यावं. 'जोहारा'ला 'नमस्कार' ही टीप तर सरळ चुकीची. तिथे 'कुणी कुणाला करायचा' एवढं लिहिल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही.