मदत हवी आहे: क्योतोचा गिऑन मात्सुरी, सोबत आई-बाबा आणि चार वर्षांची लेक

नमस्कार मंडळी, आम्ही ओसाकाला राहतो. जुलैत आई-बाबा येताहेत आणि बाबांनी गिऑन मात्सुरीच्या (मात्सुरी म्हणजे उत्सव) मिरवणुकीतले रथ बघायचेच असं ठरवून टाकलंय. खिळा न वापरता नुसत्या दोरांनी बांधलेला एवढा उंच रथ, हे ऐकल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाहीये.

गेल्या वर्षी मी एकटी १६ जुलैच्या, म्हणजे पहिल्या मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी गेले होते. शिजो रस्ता गाड्यांना बंद, कंदील लागलेले, वर रथात बसून वाजवणाऱ्यांची घंटा आणि बासरी. सुंदरच! पण गर्दी अशी, की एका गल्लीतून बाहेर पडायला अर्धा तास लागला. आईचे गुडघे आणि बाबागाडी घेऊन हे जमेल का?

दुसरा पर्याय २४ तारखेची मिरवणूक. १७ च्या पहिल्या मिरवणुकीत २३ रथ असतात, २४ ला ११, म्हणून गर्दी जरा कमी. पण ऊन! रथ वळवताना चाकांखाली ओल्या बांबूच्या पट्ट्या घालतात, ते बाबांना जवळून दाखवायचंय. सावलीत उभं राहून कुठून दिसेल?

आणि खाणं. आई शुद्ध शाकाहारी. ताकोयाकीत (पिठाचे भाजलेले गोळे) ऑक्टोपस, बाकी बऱ्याच गोष्टींत माशाचं पाणी. भाजलेलं कणीस आणि बर्फाचा गोळा यापलीकडे काही सुचतंय का, की सरळ दशम्या बांधून न्याव्यात? (उत्सवात मिळणारी चिमाकी, म्हणजे बांबूच्या पानांची शुभ जुडी, खायची नसते, दाराला टांगायची असते, हे आईला आधीच सांगून ठेवलंय.)

लहान मुलं घेऊन कोणी गेलं असेल तर स्वच्छतागृहांचंही सांगा प्लीज.