नेटवरची माहिती खरी की खोटी, तुम्ही कसं ओळखता? अनुभव सांगा

रातराणी:
जुना फोन रिकामा करताना एका लेखाचा स्क्रीनशॉट सापडला आणि पोटात गोळाच आला. 'रक्तदाबाची गोळी कायमची सोडा.' बाबांनी तो वाचून, कुणाला न सांगता तीन आठवडे गोळी बंद ठेवली होती. सकाळी उठताना तोल गेला तेव्हा कळलं. दाब 190/110. त्या रात्री मी लेख पार तळापर्यंत वाचला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, आणि अगदी खाली त्यांचंच चूर्ण, 'आत्ता मागवा'. बाबा तिथवर पोचलेच नव्हते. तेव्हापासून मी असे लेख आधी तळाशी जाऊन बघते. तुमचंही लिहा.

मृद्गंध:
बाप रे. आता बरे आहेत ना?

रातराणी:
हो गं. डबी मीच भरते.

डोंगरवाट:
पुराच्या पाण्यात हायवेवर पोहणारा शार्क! मी ग्रुपवर टाकला, भाच्याने दोन मिनिटांत मूळ फोटो पाठवला. दक्षिण आफ्रिकेत कयाकच्या, म्हणजे छोट्या होडीच्या, मागे लागलेला शार्क, 2005 मध्ये छापलेला. 2011 च्या आयरीन वादळात तो उचलून रस्त्यावर चिकटवला, मग दर पुरात तोच.

पानगळ:
फोटो शोधायचा कसा? मला फोनवर जमत नाही

डोंगरवाट:
क्रोममध्ये फोटोवर बोट दाबून धरा, गूगल लेन्सचा पर्याय येतो. जुन्यात जुनी तारीख बघा.

शाईचा डाग:
'चार ठिकाणी तेच लिहिलंय' यावर मी वर्षानुवर्षं विसंबले. 2008 मध्ये एका विद्यार्थ्याने विकिपीडियावर कोआटी या प्राण्याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असं मनानेच नाव दिलं. वृत्तपत्रांनी ते उचललं आणि विकिपीडियाने पुरावा म्हणून त्याच वृत्तपत्राचा संदर्भ लावला! वर्गात मुलांना आता एवढंच विचारते, हे पहिल्यांदा कोण म्हणालं?

निवांत:
लसीने ऑटिझम होतो म्हणून ताई बाळाची लस लांबवत होती. ज्यावरून हे पसरलं तो 1998 चा लेख, अवघ्या 12 मुलांवरचा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतलाय, हे सांगून थकलो. शेवटी लॅन्सेटच्याच साइटवर उघडून दिला. पानांवर लाल अक्षरांत 'रिट्रॅक्टेड'. बराच वेळ बघत बसली. दुसऱ्या दिवशी लस दिली.

मृद्गंध:
ताईला शाबासकी सांगा. कुकर लावून येते, माझाही किस्सा आहे

पानगळ:
जमलं!! सकाळी आलेला हरवलेल्या मुलाचा फोटो शोधला. आठ वर्षांपूर्वीचा आहे. तो सापडला का, हे मात्र कुठेच दिसत नाहीये. कुणी बघाल का?