मदत हवी आहे: कोपराखालच्या स्नायूंचे सिग्नल सकाळी ओळखले जातात, संध्याकाळी नाही

मंडळी, मालवणजवळच्या आमच्या वाडीत शेजारी एक काका आहेत. बंदरावर बर्फ फोडायच्या मशीनमध्ये त्यांचा उजवा पंजा गेला, मनगटाच्या थोडा वरून. कोपराखालचा बराचसा भाग शाबूत आहे. ते म्हणतात, "बोटां अजून हलतत असा वाटता." मूठ मिटायला सांगितली की कातडीखाली स्नायू सरकताना खरंच दिसतो. स्नायू आकसताना कातडीवर उमटणारा विजेचा बारीक सिग्नल पकडून थ्रीडी प्रिंट केलेला पंजा चालवायचा बेत आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. मोटारी, सर्व्हो, सोल्डरिंग जमतं. घोडं अडलंय सिग्नलपाशी.

सध्या चार चॅनल आहेत. प्रत्येकाला ईसीजीची दोन चिकट बटणं, रेफरन्स कोपराच्या हाडावर. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर सेकंदाला १००० नमुने, २० ते ४५० हर्ट्झचा फिल्टर आणि घरच्या विजेची गुणगुण कापायला ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर. सिग्नलचे २०० मिलिसेकंदांचे तुकडे (विंडो) घेऊन हडगिन्स वगैरेंच्या १९९३ च्या पेपरमधली फीचर, म्हणजे मोजमापं, काढतो: सरासरी निरपेक्ष मूल्य, शून्य किती वेळा ओलांडलं, उतार किती वेळा बदलला आणि वेव्हफॉर्मची एकूण लांबी. त्यावर साधा एलडीए, म्हणजे या मोजमापांवरून हालचाल कोणती ते ओळखणारं मॉडेल. रँडम स्प्लिटबद्दल (सगळ्या विंडो पिसून काही शिकवायला, काही तपासायला घेणं) कुणी विचारायच्या आधीच सांगतो, एकमेकींवर चढलेल्या विंडोंमुळे ते आकडे फुगतात, म्हणून मी ते धरतच नाही. अख्खं सत्र बाजूला ठेवूनच तपासतो.

अडचणी अशा. सकाळी शिकवलेलं मॉडेल त्याच बैठकीत छान चालतं. बटणं काढून संध्याकाळी पुन्हा लावली की मूठ आणि उघडा हात सोडून बाकी सगळी खिचडी. करंगळी आणि अनामिका तर कधीच वेगळ्या दिसत नाहीत. अंगठ्याचा पत्ताच नाही. हात टेबलावर असताना बरं चालतं, पण खाली सोडला किंवा समोर उचलला की बिघडतं.

एक गंमत: लाईट गेली की सिग्नल सुधारतो. पावसात आमच्याकडे लाईट जायला निमित्त लागत नाही. लॅपटॉप बॅटरीवर आला की स्क्रीनवरचा जाडजूड पट्टा एकदम बारीक होतो आणि मग स्नायूचे खरे झटके दिसतात. घराचं अर्थिंग जांभ्यात आहे. कुणाला याचा अनुभव?

प्रतिसाद १

आधी सुरक्षेचं. माणसाला इलेक्ट्रोड लावलेले असताना लॅपटॉपचा चार्जर लावायचाच नाही, लाईट असो वा नसो. बोर्डही बॅटरीवर ठेवा आणि डेटा ब्लूटूथने घ्या. गुणगुण कमी होईल, शिवाय धोकाही टळेल. ५० बरोबर १०० आणि १५० हर्ट्झही तपासा, एकाच नॉचने भागत नाही. कातडीवर हा सिग्नल जेमतेम काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत असतो, त्यामुळे इलेक्ट्रोड ते अँप्लिफायर ही वायर जितकी आखूड तितकं बरं. जमलं तर अँप्लिफायर हातावरच बांधा.

आणि मॉड्यूल कोणतं आहे? एडी८२३२ वाला ईसीजी बोर्ड असेल तर तो हृदयासाठी आहे. वरच्या फ्रिक्वेन्सी तो आधीच कापतो, मग तुमचा ४५० पर्यंतचा फिल्टर शोभेपुरताच.

प्रतिसाद २

मी चिपळूणला फिजिओ आहे, कोडमधलं कळत नाही, हाताचं सांगते. अंगठ्याचे जे लहान स्नायू तळव्याच्या गादीत असतात, ते काकांच्या हातासोबतच गेले. उरलाय तो लांब स्नायू, आणि तो खोल आहे. वरच्या इलेक्ट्रोडला तो नीट ऐकू येणार नाही. करंगळी-अनामिकेचंही तसंच, बोटं टोकापर्यंत मिटवणारा स्नायू खोल असतो आणि शेजारच्या भागांचे सिग्नल कातडीपर्यंत येईतो मिसळतात. त्यामुळे पाच बोटांचा हट्ट मला पटत नाही. काकांना विचारा, त्यांना नक्की काय धरायचंय? जाळं ओढायला आणि बादली उचलायला मूठ पुरते, चहाच्या कपाला चिमूट. मूठ, उघडणं, चिमूट, मनगट आत आणि बाहेर, एवढं पक्कं बसलं तरी रोजचं बरंच काम होतं.

कातडीचं: काकांना खोबरेल लावायची सवय असेल तर ते आधी पुसा. केस काढा, स्पिरिट लावा, पूर्ण वाळू द्या. इकडच्या दमट हवेत घामाने दोन बटणांमधे खारट पाण्याचा पूल बनतो आणि दोन्ही एकच व्हायला लागतात. मधे २० मिलिमीटर अंतर ठेवा, कातडीवरून स्नायूंचे सिग्नल कसे घ्यावे यावरच्या एसईएनआयएएम या युरोपीय प्रकल्पाच्या शिफारशींतही तेवढंच आहे. आणि जागा मार्करने खुणावून ठेवा. सेंटिमीटरभर सरकलं तरी खालचा स्नायू बदलतो.

प्रतिसाद ३

खुणा चांगल्याच, पण घामाने पुसल्या जातात. लवचीक पट्टीवर आठ चॅनल गोलाकार लावा, म्हणजे पट्टी थोडी फिरली तरी सगळ्यांमधून चित्र मिळतं. शिकवताना मुद्दामच पट्टी काढून पुन्हा लावा, हात खाली, समोर, डोक्यावर घ्या, जोर कमी-जास्त करा. मॉडेलला शिकवताना न दाखवलेलं ते वापरताना ओळखणार कसं?

पंजाच नसल्याने बोटाचा खरा कोन मोजायला मिळत नाही. त्यासाठी दोन्ही हातांनी एकाच वेळी तीच हालचाल करायला सांगा, शाबूत हातावर डेटा ग्लोव्ह (बोटांचे कोन मोजणारा हातमोजा) किंवा कॅमेरा ठेवा आणि तेच लेबल धरा. निनाप्रो हा हाताच्या हालचालींच्या स्नायू-सिग्नलांचा डेटा फुकट मिळतो. त्यातल्या डीबी२ मधे ४० शाबूत हातांचे आणि डीबी३ मधे कोपराखाली हात गेलेल्या ११ जणांचे सिग्नल आहेत. तुमचा कोड आधी त्यावर चालवून बघा, म्हणजे दोष हार्डवेअरचा की मॉडेलचा ते कळेल.

धागालेखक

आभार. मॉड्यूल एडी८२३२ नाही, कच्चा सिग्नल देणारं आहे. काकांना आत्ताच विचारलं, म्हणतात अंगठा नको, कोयता धरता यायला हवा. म्हणजे जोराची मूठ, आणि ती घामातही न सुटणारी. पाच हालचालींवरच येतो. एक राहिलं: कोयता चालवताना मनगट फिरतं, आणि तेव्हा कातडी स्नायूवरून सरकते. ते नुसतं जास्त डेटा घेऊन निस्तरतं, की पट्टी कोपराच्या जवळ चढवू? कुणी करून पाहिलं असेल तर लिहा.