विजयालक्ष्मीच्या तोंडी शब्द घालायचे का?

धागाकर्ती: १८८१ साली सुरतच्या कोर्टाने विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाचा जीव घेतला म्हणून फाशी सुनावली. अपिलात फाशी टळली, काळं पाणी आलं. वर्तमानपत्रांनी तिच्या निमित्ताने समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं, १८८२ मध्ये. ताराबाईंचा आपण अभिमान बाळगतो. पण जिच्यावरून हे सगळं झालं तिचं एक वाक्यही आपल्याला ठाऊक नाही. अशा बाईच्या तोंडी आपण स्वगतं घालतो, ती 'बंडखोर' होती म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. आधी कोर्ट तिच्याविषयी बोललं, आता आपण तिच्या वतीने बोलतोय.

काटेसावर: मग काय करायचं? आपणही गप्प बसलो तर निकालपत्राचाच शब्द शेवटचा. ताराबाईंनी तेच मोडलं. त्या बाईला फशी पाडणारा पुरुष नामानिराळा कसा राहतो, हे विचारायला त्यांना विजयालक्ष्मीचा जबाब लागला नाही. कल्पनेला बंदी घातलीत तर इतिहासात उरतील फक्त लिहितावाचता येणाऱ्या.

पांढरीची माती: मुळात तेव्हाच्या बायकांचं 'मौन' गृहीत धरणंच मला खटकतं. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, असं तिने स्पष्ट लिहिलंय. ती बोललीच होती हो! ताराबाईंचं पुस्तकसुद्धा संशोधक स. गं. मालशांनी १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत किती जणांना माहीत होतं? बायका मुक्या नव्हत्या, ऐकणारे बहिरे होते.

धागाकर्ती: मुक्ताबद्दल मान्य, शंभर टक्के. पण काटेसावर, ताराबाई स्वतःच्या नावाने भांडल्या. विजयालक्ष्मी बनून बोलल्या नाहीत. मला एवढाच फरक हवाय.

माझी आजी जात्याचा खुंटा धरल्याशिवाय ओवी म्हणायची नाही. "नुसती म्हण ना" म्हटलं की दुसऱ्या ओळीला अडायची. सासूचं, माहेराचं जे काय होतं ते सगळं त्या घरघरीत. एकदा मीच तिची अडलेली ओवी पुरी केली, चांगली जमली होती. आजी म्हणाली, "हे तुझं झालं बाई, माझं नाही."

काटेसावर: आजीने निदान तुम्हाला टोकलं. विजयालक्ष्मीला कोण विचारणार?