स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांसाठी सत्संगासारखा गट कुठे आहे का?

कृष्णाकाठ:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. दादाला नऊ वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत, आवाज ऐकू येणं बरंच कमी झालंय. काळजी आईची वाटते. ती पंचवीस वर्षं भजनी मंडळात जायची, गेल्या वर्षी बंद केलं कारण तिथे कोणीतरी म्हणालं की सेवेत कमी पडलीस म्हणून पोराला हे झालं, तेव्हापासून विठ्ठलाच्या फोटोसमोरपण नुसती गप्प बसते. एका ठिकाणी पालकांच्या मीटिंगला नेलं तर देवाचं नाव काढलं की लोक विषय बदलायचे, आणि देवस्थानात नेलं तर गोळ्या बंद करा म्हणतात. मला असा गट हवाय जिथे ती हरिपाठपण म्हणेल आणि दादाने रात्री ताट भिरकावलं हेपण सांगू शकेल. कराड, सातारा, पुणे कुठेही चालेल.

हिरवा चाफा:
ताई, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली. ते कॅनडात प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीला हाच आजार होता, म्हणजे घरात भोगलेल्या माणसाने उभं केलेलं काम आहे. त्यांच्या स्वमदत गटाची चौकशी करा. ठाण्यात आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचा सुहृद गटपण घरच्यांसाठीच आहे. आणि रात्री-अपरात्री खूपच झालं तर १४४१६ टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात.

सुपारीबाग:
देवस्थानाबद्दल बोलतो. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमात आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं गेली, ते वाचल्यापासून मी कुणालाही तसल्या जागी पाठवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी आहे, हे लक्षात ठेवा. पण गुजरातेत उनावाला मीरा दातार दर्ग्यात दवा-दुआ चालतं, मुजावर दुआ करतात आणि सोबत डॉक्टरकडेपण पाठवतात. श्रद्धा आणि औषध भांडतातच असं नाही हो.

ओवीगाथा:
कृष्णाकाठताई, तुमच्या आईंचं वाचून पोटात तुटलं, मलापण हेच ऐकवलं होतं माझ्या मुलीच्या वेळी. आम्ही चार घरं मिळून एकादशीला एकमेकांकडे जमायला लागलो, त्याला आता सहा वर्षं होतील. आधी हरिपाठ, मग चहा, मग ज्याला बोलायचंय तो बोलतो. तीनच गोष्टी पाळतो: इथलं बाहेर न्यायचं नाही, कर्माची फळं हा शब्द काढायचा नाही, गोळीबद्दल सल्ला फक्त डॉक्टरचा. अजून एक अगदी घरगुती गोष्ट, उपासाला आमची मुलगी गोळी टाळायची, रिकाम्या पोटी नको म्हणून, आणि दोन एकादश्यांत तब्येत पार ढासळली. डॉक्टरांना विचारलं, तेव्हापासून उपासाला दूध नि राजगिऱ्याचा लाडू खाऊन गोळी घेते. काही गोळ्या खाऊनच घ्याव्या लागतात, तुमच्या दादाची कुठली ते विचारून घ्या.

दूरदेशी:
मी न्यू जर्सीत असते. इथे नामी म्हणून मानसिक आजारांवर काम करणारी संस्था आहे, १९७९ पासूनची, तिचा फॅमिली-टू-फॅमिली हा आठ सत्रांचा फुकट वर्ग असतो, शिकवणारेपण घरचेच लोक. शिवाय त्यांचं फेथनेट म्हणून वेगळं काम आहे, देवळं-चर्चमधल्या लोकांना या आजाराबद्दल सांगायचं. तुमच्या मंडळातल्या बुवांना आधी कोणी नीट समजावलं असतं तर आईंना ते ऐकावं लागलं नसतं. अजूनही समजावता येईल, डॉक्टरांना एकदा मंडळात बोलवा ना.

कृष्णाकाठ:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ओवीगाथाताई, तुमचं आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही मग म्हणाली त्यांच्याकडे टाळ कोण वाजवतं विचार. पुण्याला येत्या महिन्यात जातोय. पहिल्या मीटिंगला दादाला बरोबर नेऊ की घरी ठेवू?

ओवीगाथा:
पहिल्यांदा एकट्या जा, आई मोकळेपणी बोलतील. आणि टाळ मीच वाजवते, त्यांना सांगा जोडी हवीय.