बॉड रेट नव्हे, आधी वीजपुरवठा तपासावा
अर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डाला लावलेले ईएसपी८२६६ हे वाय-फाय मॉड्यूल राउटरला जोडले जात नसेल, तर बॉड रेट (दोघांमधील संदेशवहनाचा वेग) बदलून पाहावा, असा सल्ला दिला जातो. तो चुकीचा नाही; परंतु मॉड्यूल ‘एटी’ या तपासणीच्या आज्ञेला नीट ‘ओके’ म्हणत असेल आणि राउटरला जोडताना मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात असतो. अर्डुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनमधून जेमतेम ५० मिलिअँपिअर प्रवाह घेता येतो, आणि ईएसपी८२६६ला प्रक्षेपणाच्या वेळी १७० मिलिअँपिअर, क्षणभर त्याहूनही अधिक, लागतो.

माझ्याकडे मॉड्यूलवरचा निळा दिवा दर वेळी नेमका जोडणीच्या क्षणी लुकलुकून विझत असे. स्वतंत्र ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) लावला, तो आणि अर्डुइनो या दोन्हींचे ग्राउंड (शून्य व्होल्टची जोडणी) एकत्र केले (पहिल्या दिवशी हेच विसरलो होतो) आणि मॉड्यूलच्या पिनांलगत ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभराचा जादा प्रवाह पुरवणारा घटक) बसवला, तेव्हा कुठे ते स्थिरावले.